चौथ्या-पाचव्या बारानंतर गोळ्या विखुरतात : ठासणीच्या लाँग रायफलचे समस्या निवारण

ठासणीची नवी लाँग रायफल घेणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिचे शब्दही जवळजवळ ठरलेले असतात. पन्नास यार्डांवर पहिले तीन-चार बार एकमेकांना खेटून लागतात. त्यानंतर एक गोळी खाली डावीकडे जाते, पुढची वर उजवीकडे, आणि दहाव्या बारापर्यंत गोळी ठासताना गज, म्हणजे गोळी खाली ढकलण्याची काठी, अर्ध्या नळीतच अडू लागतो. घरी नेऊन नळी स्वच्छ धुतली की पुढच्या खेपेस पहिले तीन-चार बार पुन्हा उत्तम जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होते. अशा वेळी बहुतेक जण आधी दारूचे माप वाढवतात, मग कमी करतात आणि शेवटी पुढच्या माशीवर (नेम धरण्याच्या खुणेवर) कानस चालवतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. या दुखण्याचे मूळ बहुतांशी गोळीभोवतीच्या कापडात, नळीत साचणाऱ्या किटणात (जळालेल्या दारूच्या मळात) किंवा ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीच्या धारेत असते, आणि यांपैकी पहिले कारण तपासण्यासाठी दहा-पंधरा पावले चालत जाऊन जमिनीवर पडलेली चिंधी उचलण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही.

येथे जिच्याविषयी लिहिले आहे ती रायफल म्हणजे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया किंवा केंटकी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लाँग रायफलची आजच्या कारखान्यात किंवा कारागिराच्या हातून तयार झालेली प्रतिकृती होय. अशा रायफलींकडे अमेरिकेच्या संघीय कायद्यात १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्यापासून आधुनिक बंदुकीहून वेगळ्या नजरेने पाहिले जाते. मात्र राज्याराज्यांचे नियम निराळे असल्याने आपल्या राज्याचा नियम आधी पाहून घ्यावा. भारतात तर ठासणीची बंदूकही परवान्याच्या कक्षेत येते. कोकणात पीक संरक्षणाच्या परवान्यावर वापरल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका ज्यांनी हाताळल्या असतील, त्यांना दारू भरणे आणि गज मारणे नवीन वाटणार नाही. तथापि त्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात आणि त्यांतून बहुधा छर्रे उडवले जातात, त्यामुळे पुढे वर्णन केलेली अडचण त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही.

ही अडचण लाँग रायफलच्याच वाट्याला का येते, हे समजले की उपाय शोधणे सोपे जाते. अठराव्या शतकात लँकेस्टर आणि त्याच्या आसपासच्या पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी आपल्या आखूड, जाड येगर (जर्मन शिकारी) रायफलीची नळी लांबवली, तिचे भोक लहान केले आणि कमी शिशात व कमी दारूत अचूक मारा करणारे हत्यार तयार केले. त्या काळच्या ब्रिटिश सैनिकाच्या ब्राउन बेस या गुळगुळीत नळीच्या मस्केट बंदुकीचे भोक सुमारे ०.७५ इंचाचे आणि गोळी सुमारे ०.६९ इंचाची असे. एवढी मोठी फट असल्यामुळे नळी कितीही मळली तरी गोळी सहज खाली उतरत असे, अर्थात नेमाचा भरवसा तितकाच कमी असे. लाँग रायफलमध्ये गोळी नळीपेक्षा किंचितच लहान असते आणि मधली फट वंगण लावलेल्या कापडाने भरली जाते. नळीतील आट्यांचा (आत कोरलेल्या पिळदार खाचांचा) पीळ गोळीला थेट मिळत नाही, कापडाला मिळतो, आणि कापड गोळीला आपल्याबरोबर फिरवते. तेच कापड मागचा धूर आणि दाब पुढे निसटू देत नाही आणि ठासताना आधीच्या बाराचे किटणही खाली लोटते. एवढी कामे एका चिंधीवर सोपवलेली असल्यामुळे ती हरली की नेम हरतो.

त्यात काळ्या दारूचा स्वभाव असा, की सोरा, कोळसा आणि गंधक यांचे साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणातील हे मिश्रण जळाल्यावर त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात उरतो. त्यातील काही धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला नळीला चिकटतो. हा थर हवेतील ओल शोषतो; दमट दिवशी तो मऊ चिखलासारखा राहतो आणि कोरड्या थंडीत टणक पापुद्रा होऊन बसतो.

उडालेली चिंधी वाचणे

रेंजवर गोळीबार थांबल्याची घोषणा झाल्यावर नळीच्या तोंडापुढे पाच ते पंधरा यार्डांच्या टप्प्यात उडालेले पॅच, म्हणजे गोळीभोवतीच्या कापडाच्या चिंध्या, पडलेले सापडतात. वाळलेल्या गवतावर पडलेला पॅच कधीकधी धुमसत असतो, म्हणून उन्हाळ्यात त्यांच्यावर लक्ष ठेवणे तसेही आवश्यक असते. पाच-सहा पॅच गोळा करून, शक्य असल्यास बारांच्या क्रमाने, उजेडात धरून पाहावेत. पहिल्या बाराचा पॅच कोणता आणि सहाव्याचा कोणता हे कळले तर अर्धे निदान तिथेच होते, कारण आपली तक्रार मुळात पहिल्या आणि सहाव्या बारांतील फरकाची आहे.

चांगला पॅच गोल असतो, त्याच्या कडा सुटून दशा झालेल्या असतात, मध्यभाग करडा-काळा असतो आणि त्याभोवती आट्यांचे ठसे कड्यासारखे उमटलेले दिसतात. त्याचे विणकाम शाबूत असते. असे पॅच मिळत असतील आणि तरीही गोळ्या विखुरत असतील, तर कापडाला दोष न देता पुढच्या भागाकडे वळावे.

मधोमध किंवा कड्याच्या जागी भोक असून भोकाची कड तपकिरी-काळी, करपलेली असेल, तर आगीची झळ कापडातून पार झालेली आहे. याची कारणे तीन: कापड पातळ आहे, वंगण अपुरे आहे किंवा त्या कापडाला पेलवणार नाही एवढी दारू घातली आहे. यांपैकी पहिले कारण सर्वांत जास्त आढळते आणि ते आकड्यांत मांडून पाहण्यासारखे आहे. पन्नास कॅलिबरच्या नळीत कंगोऱ्यापासून (दोन खाचांमधल्या उंचवट्यापासून) समोरच्या कंगोऱ्यापर्यंतचे अंतर ०.५०० इंच आहे आणि गोळी ०.४९० इंचाची आहे, असे धरू. मग गोळी आणि कंगोरा यांच्यात प्रत्येक बाजूस ०.००५ इंच फट राहते. आट्याची खाच ०.०१२ इंच खोल असेल, तर खाचेच्या तळाशी ही फट ०.०१७ इंच होते. दुकानातील तयार पॅच ०.०१० इंचाचा असेल, तर कंगोऱ्यावर तो घट्ट बसतो, गोळी ठासतानाही हाताला घट्ट लागते आणि माणसाचे समाधान होते. पण प्रत्येक खाचेत ०.००७ इंचाची वाट मोकळी राहते आणि जळता वायू त्या वाटेने पुढे धावतो. ०.०१८ इंचाचा गादीपाट (गादी-उशांचे घट्ट विणीचे जाड सुती कापड) वापरला की ती वाट बंद होते. खाच ०.०१६ इंचाची असेल, तर ०.०२० इंच किंवा त्याहून थोडे जाड कापड लागते. गोळी घट्ट जाते म्हणजे कापड पुरेसे जाड आहे, हा समज म्हणूनच फसवा ठरतो.

कापडाची जाडी पाकिटावर छापलेली असते ती, किंवा दुकानदार सांगतो ती धरू नये. कॅलिपरच्या जबड्यांत कापड चांगले दाबून स्वतः मोजावे. अमेरिकेतील कापडाच्या दुकानांत उशांच्या अभ्र्यांसाठी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जो गादीपाट मिळतो, तो या कामासाठी फार पूर्वीपासून वापरला जातो आणि माझ्या मते आजही त्याला तोड नाही. फक्त तो शंभर टक्के सुती असल्याची खात्री करावी. एक धागा काढून पेटवला की कळते: सुती धाग्याची राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो. नव्या कापडाला खळ असते. ती एक-दोन धुण्यांत काढून टाकल्याशिवाय वंगण नीट मुरत नाही. वंगण लावून पाकिटात महिनोन्महिने पडून राहिलेले तयार पॅच मात्र टाळावेत, कारण त्यांतील कापड कुजून कमकुवत होते आणि बार झाल्यावर त्याच्या चिंध्या होतात किंवा ते सापडतच नाही. दोन्ही हातांत धरून ओढल्यावर जो पॅच टर्रकन फाटतो, तो नळीत टिकणार नाही.

तिसरा प्रकार काप पडलेल्या पॅचचा. कापाच्या कडा करपलेल्या नसतात, ते ब्लेडने घेतल्यासारखे सरळ असतात आणि सारख्या अंतरावर, बहुधा आट्यांच्या संख्येइतके, सहा, सात किंवा आठ दिसतात. हे नळीचे काम आहे. नव्या नळीत कंगोऱ्यांच्या कडा धारदार असतात आणि नळीच्या तोंडाची कड कारखान्यात यंत्राने कापून तशीच सोडलेली असेल, तर गोळी आत जातानाच कापड चिरते. चिरलेले कापड बाराच्या वेळी फाटते आणि दिसायला जळाल्यासारखे दिसते. त्यामुळे वंगण बदलून, दारू बदलून काहीच साध्य होत नाही.

काप नेमके कोठे पडतात, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. नळीत काहीही भरलेले नाही याची गजाने खात्री करून घ्यावी. वंगण लावलेला पॅच गोल न कापता कापडाचा मोठा तुकडाच नळीच्या तोंडावर पसरावा, त्यावर गोळी ठेवून आखूड दांडीने ती तोंडाच्या जेमतेम इंचभर खाली दाबावी आणि कापडाचा बाहेर राहिलेला शेव धरून गोळीसह ते परत ओढून काढावे. कापडावर गोळीचा ठसा, कंगोऱ्यांचे दाब आणि विणकामाची जाळी स्पष्ट दिसते. इथेच धागे तुटलेले दिसले तर दोष तोंडाच्या कडेचा. इथे कापड धड असून उडालेल्या पॅचवर काप येत असतील, तर दोष नळीच्या आतला.

तोंडाची कड घरच्या घरी सुधारता येते. नळीत तीन-चार इंच खाली ओला बोळा बसवावा, म्हणजे घासलेला कण आत जाणार नाही. मग ३२० नंबरचा पॉलिश कागद तोंडावर ठेवून अंगठ्याच्या मांसल भागाने दाबत फिरवावा, मधूनमधून नळी थोडी वळवावी म्हणजे सर्व बाजूंना सारखे घासले जाईल. नंतर ४०० आणि ६०० नंबरचे कागद वापरावेत. कंगोऱ्यांचे कोपरे गोलसर आणि चमकदार दिसू लागले की थांबावे. नळीच्या आतल्या धारेसाठी सर्वांत बारीक स्टीलवूल किंवा भांडी घासण्याचा हिरवा पॅड तेल लावून गजाच्या टोकाच्या पितळी जॅगभोवती (चिंधी धरणाऱ्या तुकड्याभोवती) गुंडाळावा आणि तळापासून तोंडापर्यंत पूर्ण लांबीचे सावकाश फेरे मारावेत. व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट नळीत घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, असे मला वाटते. ती किती खाते यावर आपला ताबा राहत नाही. नुसते नेमाने बार काढत राहिल्यानेही शंभर-दोनशे बारांत बहुतेक नळ्या गुळगुळीत होतात.

झळ पार होते की नाही याबद्दल शंका उरली, तर दारू आणि गोळी यांच्यामध्ये एक जादा वंगण लावलेला पॅच किंवा लोकरीची चकती ठेवून पाच बार काढावेत. सीमेवरचे जुने शिकारी यासाठी गांधीलमाशीच्या पोळ्याचा कागद वापरत आणि आजही अनेक जण हौसेने वापरतात. या आडपडद्याने गोळ्या एकत्र आल्या, तर दोष कापडाच्या जाडीत आहे, हे पक्के झाले. मग आडपडद्यावर न विसंबता कापड बदलावे.

किटण आणि बोळा

पहिले पॅच उत्तम आणि सहावा-सातवा करपलेला किंवा फाटलेला, असे आढळले तर कापडाची निवड बरोबर असून नळी मळते आहे, एवढाच अर्थ काढावा. दोन बारांच्या मध्ये नळी पुसावी की नाही, यावर जुन्या मंडळींत दोन तट आहेत. काहींच्या मते वंगण पुरेसे ओले असले की गोळी ठासतानाच नळी पुसली जाते आणि दिवसभर बोळा लागत नाही. शिकारीत आणि चालत-चालत नेमबाजी करण्याच्या स्पर्धांत ते सोयीचेही आहे. कागदी लक्ष्यावर नेमबाजी करणाऱ्याने मात्र प्रत्येक बारानंतर एकाच पद्धतीने नळी पुसावी, असे माझे मत आहे, कारण प्रत्येक गोळीला सारखीच नळी मिळणे हेच येथे महत्त्वाचे असते.

पुसण्याची पद्धत चुकली तर मात्र पुसण्यानेच नवे दुखणे जडते. बोळा ओलसर असावा, ओला नसावा; पिळल्यावर थेंब पडता कामा नये. साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब पुरतात. जॅगचा आकार असा हवा, की बोळा खाली जाताना किटणावरून सरकेल आणि वर येताना गोळा होऊन ते ओढून काढेल. बोळा एकदा तळापर्यंत न्यावा, क्षणभर थांबावे, बाहेर काढावा, उलटून पुन्हा एकदा न्यावा आणि शेवटी एक कोरडा बोळा फिरवावा. नळीत पंपासारखे वर-खाली केले की किटणाचा लगदा तळाशी जाऊन बसतो आणि पुढच्या बाराला रंजक (नळीबाहेरच्या वाटीतली, आग लावणारी बारीक दारू) पेटते, पण आतली दारू पेटत नाही. लाँग रायफलच्या पारंपरिक नळीचा तळ सपाट असतो, त्यामुळे तेथे थोडे निभावते. कारखान्यात तयार झालेल्या अनेक प्रतिकृतींत तळाशी नळीपेक्षा अरुंद असा कप्पा असतो आणि त्यात जॅग पोहोचतच नाही. अशा रायफलीसाठी लहान कॅलिबरचा ब्रश व त्यावर चिंधी वेगळी ठेवावी लागते.

वंगणाचा प्रश्न ऋतूशी जोडलेला आहे. मेणाचे प्रमाण जास्त असलेले वंगण ऑगस्टमध्ये छान वाटते आणि पेन्सिल्व्हेनियात नाताळनंतर चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) रायफलीने करायच्या हरणशिकारीच्या हंगामात दगड होऊन बसते. कोरड्या थंडीत पाण्यात मिसळणारे तेल आणि पाणी यांचे पातळ मिश्रण, किंवा नुसती थुंकी, लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठी अधिक चांगली. गोळी भरून तासन्‌तास हिंडायचे असेल, तर पाणी असलेले वंगण दारू ओली करते, तेथे प्राण्याची चरबी किंवा वनस्पती तेल बरे. इंजिनचे तेल आणि पेट्रोलियम ग्रीस काळ्या दारूबरोबर डांबरासारखा थर धरतात, त्यांना नळीपासून दूर ठेवावे. गंजरोधक म्हणून तेल लावून ठेवलेली नळी पहिल्या बाराआधी स्पिरिटने पुसून कोरडी करणेही याच कारणाने गरजेचे आहे.

गोळी अर्ध्यात अडली तर काय करावे, हे आधीच ठरवून ठेवावे. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी ठेवून बार काढणे धोक्याचे आहे. त्यात नळी फुगते किंवा फुटते. यासाठी रिकाम्या नळीत आणि नेहमीच्या मापाने भरलेल्या नळीत गज किती बाहेर राहतो, याच्या दोन खुणा गजावर कोरून ठेवाव्यात. खुणेपर्यंत गज गेला नाही तर बार काढू नये. गोळी खाली बसवावी किंवा गजाच्या टोकाला लावायच्या स्क्रूने काढून घ्यावी. लाकडी गज हातभर वर धरून जोर लावला की तो वाकून तिरका फुटतो आणि त्याचा अणकुचीदार टोकाचा भाग तळहातात घुसतो. नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पकडून थोडा-थोडा दाबत न्यावा, आणि चेहरा कधीही नळीच्या तोंडावर आणू नये.

दारू

या विषयात मी थोडक्यात सांगतो, कारण लोक याच्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. पन्नास कॅलिबरसाठी आकारमानाने ५० ग्रेनपासून (ग्रेन हे दारूच्या मापाचे लहान एकक) सुरुवात करून पाच-पाच ग्रेनने वर जावे, प्रत्येक मापाचे पाच बार काढावेत आणि निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. या कॅलिबरला तीन एफ या बारीक दाण्याची दारू दोन एफ या जाड दाण्यापेक्षा स्वच्छ जळते. दोन एफवरून तीन एफवर येताना माप दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करावे. दारू नेहमी मापात घेऊन मगच नळीत ओतावी. शिंगातून किंवा डब्यातून थेट ओतली आणि आत एखादी ठिणगी जिवंत असली, तर हातातला सगळा साठा पेटतो. धूररहित आधुनिक दारू या नळीत चिमूटभरही घालता येत नाही, नळी फुटते. काळ्या दारूऐवजी मिळणारे पर्यायी पदार्थ टोपीच्या लॉकवर (स्फोटक टोपीने दारू पेटवणाऱ्या यंत्रणेवर) चालतात, पण ते पेटायला जास्त उष्णता लागते, म्हणून चकमकीच्या रायफलला खरी काळी दारूच हवी.

पॅच चांगले, नळी स्वच्छ, तरीही पाचव्या बारापासून घसरण

चकमकीच्या रायफलीत याचे कारण अनेकदा लॉकमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, असते, कारण चाप ओढल्यापासून बार होईपर्यंतचा वेळ प्रत्येक खेपेस बदलू लागतो. उशीर इतका थोडा असतो की कानाला तो वेगळा जाणवत नाही. पण तेवढ्यात रायफल हलते. गारगोटी घोड्याच्या (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या) जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली असते. पहिल्या काही बारांत ते चामडे दबते, जबडा सैल होतो आणि गारगोटी किंचित मागे सरकते किंवा तिरकी होते. मग तिची धार फ्रिझनच्या (गारगोटी जिच्यावर घासते त्या पोलादी पट्टीच्या) पूर्ण रुंदीला न लागता एका कोपऱ्यातच घासते आणि भरपूर ठिणग्यांऐवजी दोन-चारच पडतात. म्हणून चौथ्या-पाचव्या बारानंतर जबड्याचा स्क्रू एकदा आवळावा आणि अर्ध्या चापावर (घोडा अर्धाच मागे ओढून), वाटीत रंजक नसताना, धार फ्रिझनला समांतर आहे की नाही ते पाहावे. फ्रिझनचा पोलादी पृष्ठभाग, गारगोटीची धार आणि वाटी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावीत; दमट दिवशी वाटीतले किटण पाणी धरते आणि त्यावर घातलेली रंजक खालून भिजते.

कानाकडेही, म्हणजे वाटीतली आग नळीत नेणाऱ्या बारीक भोकाकडेही, त्याच वेळी पाहावे. बहुतेक रायफलींचे कान १/१६ इंच ते ५/६४ इंच या दरम्यान असतात आणि एवढे लहान भोक दोन-तीन बारांत आत कडेने मळू लागते. बारीक तारेने ते मोकळे करून मग रंजक घालावी. रंजक कानाजवळ असावी, पण कान बुजवू नये, आणि वाटीचा एक-तृतीयांश भाग भरला तरी पुरे होते. वाटी गच्च भरल्याने बार लवकर होत नाही, गालावर मात्र जास्त ठिणग्या येतात. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे असल्याशिवाय आणि शेजारच्या माणसाला रायफलीच्या कानाच्या रेषेतून बाजूला केल्याशिवाय चाप ओढू नये. बार झालाच नाही, तर रायफल किमान एक मिनिट लक्ष्याकडेच रोखून धरावी आणि त्यानंतरच कान मोकळा करून पुन्हा रंजक घालावी.

गोळ्या उभ्या रेषेत विखुरत असतील, तर आणखी एक कारण संभवते आणि ते पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. लाँग रायफलच्या दस्त्याचे टोक चंद्रकोरीसारखे खोलगट असते. ते आधुनिक रायफलीप्रमाणे खांद्याच्या खळग्यात रोवले, तर कोरीचे खालचे टोक टोचते, माणूस धक्क्याआधीच खांदा मागे घेतो आणि डोके वर उचलतो. ती कोर खांद्याच्या सांध्याबाहेर, दंडाच्या वरच्या भागावर बसवण्यासाठी घडवलेली आहे. त्यासाठी कोपर थोडे वर आणि शरीर लक्ष्याला अधिक आडवे ठेवावे लागते.

पुढची रायफल घेताना

वरीलपैकी निम्म्या अडचणी खरेदीच्या वेळीच टळू शकतात. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश पीळ मानवतो: ५६, ६०, ६६ किंवा ७० इंचांत एक फेरा. कारखान्याच्या अनेक प्रतिकृतींत ४८ इंचांत एक फेरा आणि उथळ खाचा असतात, कारण त्या गोल गोळी आणि लांबट शिशाची गोळी या दोन्हींसाठी केलेली तडजोड असतात. अशी नळी वाईट नसते, पण तिला दारू कमी आणि कापडाची जुळणी अधिक काटेकोर लागते. केवळ गोल गोळीच वापरायची असेल, तर खोल खाचांची, सावकाश पिळाची नळी घ्यावी. ती कापडातला आणि किटणातला थोडा फरक खपवून घेते.

दुकानात रायफल हातात आली की आधी दस्त्याचे नक्षीकाम बाजूला ठेवून नळीच्या तोंडावरून बोट फिरवावे. कड बोटाला लागत असेल, तर पुढचे काम काय आहे हे कळले. विक्रेत्याची परवानगी असेल, तर घट्ट बोळा लावलेला गज तळापर्यंत नेऊन सावकाश बाहेर ओढावा. मध्येच सैल किंवा मध्येच घट्ट लागणारी नळी नको. कानाची जागा वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीत असावी, वाटीच्या तळाशी नसावी. घोड्याचे आणि फ्रिझनचे स्प्रिंग एकमेकांना साजेसे हवेत: फ्रिझन फार कडक असेल तर गारगोटी भराभर तुटते आणि फार सैल असेल तर ठिणग्या पडत नाहीत. अर्धवट अंधारात रिकामे लॉक एकदा उडवून पाहिले की हे बरेचसे दिसते. पैसे मोजके असतील तर शोभिवंत पितळेऐवजी चांगल्या लॉकवर आणि नळीवर खर्च करावा, आणि हाताला सुतारकाम ठाऊक असेल तर तयार भागांचा संच घेऊन स्वतः जोडण्याचाही विचार करावा. इंडियानातील फ्रेंडशिप येथे १९३३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी रायफल संघटनेच्या स्पर्धा भरतात. अशा ठिकाणी वेगवेगळ्या कारागिरांच्या रायफली एकाच दिवशी पाहता येतात आणि त्यांचे मालक नळीबद्दल बरे-वाईट मोकळेपणाने सांगतात.

पॅच धड निघू लागले, गज पहिल्या बाराइतक्याच सहजतेने दहाव्या बाराला उतरू लागला आणि लॉक विलंब करीत नसले, तरी गोळ्या विखुरतच राहिल्या, तर रायफल टेकणीवर ठेवून एखाद्या अनुभवी माणसाकडून दहा बार काढून घ्यावेत. त्यालाही तसेच आढळले, तर ०.४९० ऐवजी ०.४९५ इंचाची गोळी किंचित पातळ कापडासह वापरून पाहावी. माशीला हात लावण्याची वेळ त्यानंतर येते. गोळ्या एकत्र पण खाली लागत असतील, तर माशी कानशीने एक-दोन हात घासावी, म्हणजे मारा वर चढतो. घासल्यावर लगेच पुन्हा न घासता पाच बार काढून पाहावेत, आणि ज्या मापाची दारू पुढे कायम वापरायची आहे त्याच मापाने ते काढावेत.